न वाचता दिलेली शाबासकी

बाईंनी तो आराखडा वाचलाच नव्हता. पहिलं पान तेवढं नजरेखालून घातलं होतं, तेही घरी, जेवणाच्या टेबलाशी. भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून तो आणि वहिनी मुक्कामाला आले होते. वहिनींच्या गप्पांना एकदा तोंड फुटलं की समोरच्याने दुसरं काही करायची सोय नसे. बाईंनी लॅपटॉप मिटला, उद्या बघू म्हणाल्या, आणि तो उद्या काही उगवला नाही.

आराखडा होता थेरपिस्टचा. पक्षाघाताच्या पेशंटना पुन्हा बोलायला, गिळायला शिकवणारी ही मुलगी हॉस्पिटलात नवी होती. संशोधनाला तिने पहिल्यांदाच हात घातला होता. तिथली पद्धत अशी, की नव्या संशोधकाला एक जुनं जाणतं माणूस मार्गदर्शक म्हणून द्यायचं. तिच्या वाट्याला बाई आल्या, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. मेंदूविकारांच्या डॉक्टर म्हणून बाईंचं नाव मोठं होतं आणि शिकवण्यातही त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

जिन्यात तिने त्यांना गाठलं आणि बिचकत विचारलं, "बाई, वाचलंत का?"

बाईंना ओपीडी गाठायची होती. नाही म्हणायला जीभ रेटेना. "वाचलं की. छान जमलंय. मांडून टाक शुक्रवारी."

मुलगी क्षणभर गोंधळल्यासारखी दिसली, मग हसली. तो गोंधळ बाईंना दिसला होता. पण त्या दोन पायऱ्या खाली उतरल्याही होत्या.

शुक्रवारच्या बैठकीला सगळे ‘चाळणी’ म्हणत. प्रत्येकाने आपला आराखडा बरोबरीच्यांसमोर मांडायचा, त्यांनी तो निवडून-पाखडून द्यायचा, आणि मगच तो वर मंजुरीला जायचा. थेरपिस्टचा विषय साधा होता. पक्षाघाताच्या पेशंटला पहिला घोट पाणी देण्याआधी नर्सने त्याचं गिळणं तपासायचं. एका वॉर्डात ही तपासणी करायची, दुसऱ्यात नेहमीसारखं चालू द्यायचं, आणि पाणी श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया कुठे कमी होतो ते पाहायचं.

तिचं संपल्यावर आकडेवाल्यांनी चष्मा वर केला. संख्याशास्त्राचे हे गृहस्थ आवाज चढवत नसत, त्यामुळेच त्यांची धास्ती जास्त. त्यांनी एवढंच विचारलं, की कुठला पेशंट कुठल्या वॉर्डात जातो, ते कोण ठरवतं?

थेरपिस्टचा चेहरा उतरला. जास्त आजारी पेशंट आयसीयूशेजारच्या वॉर्डात जातात, हे हॉस्पिटलात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तपासणी व्हायची होती ती कमी आजारी पेशंटच्या वॉर्डात. म्हणजे तिथे न्यूमोनिया कमी निघणारच होता, तपासणी करा नाहीतर करू नका. मग बाकीच्यांनाही चेव आला. एकाने नर्सची संख्या काढली, दुसरीने पेशंटची वयं. मुलगी मान हलवत सगळं लिहून घेत राहिली.

शेवटी विभागप्रमुखांनी विचारलं, "हे आधी कुणी पाहिलं होतं का?"

बाईंना वाटलं, आता ती आपल्याकडे बघणार. पण तिने त्यांच्याकडे नजरही वळवली नाही. "मीच घाई केली, सर," ती म्हणाली.

बोलायची वेळ तीच होती. कपातला चहा संपला होता, तरी बाईंनी कप तोंडाला लावला.

त्या संध्याकाळी त्या ताटातला भात नुसता चिवडत बसल्या. वहिनींच्या ते लगेच ध्यानात आलं. बाईंनी मोघम सांगितलं, की हाताखालच्या एका मुलीची आज सगळ्यांदेखत शोभा झाली.

"मग तिला कुणी सांभाळून नाही का घेतलं, वन्सं?" वहिनींनी विचारलं. "तुम्ही होतात ना तिथे?"

"होते," बाई म्हणाल्या, आणि ताटावरून उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार लावून त्यांनी आराखडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. खोट तिसऱ्याच पानावर होती. लिखाण मात्र नेटकं होतं. पेशंटला ठसका कसा लागतो, आवाज ओलसर कसा होतो, हे पोरीने इतक्या मायेने टिपलं होतं की बाईंना वाचताना कानकोंडं झालं. अर्ध्या तासाचं काम होतं. तेवढा वेळ त्यांनी वहिनींच्या माहेरच्या भांडणांना दिला होता, आणि वर वहिनींवरच मनातल्या मनात ठपका ठेवत होत्या.

सोमवारी त्या थेरपीच्या खोलीत गेल्या. थेरपिस्ट एका म्हाताऱ्या ट्रकड्रायव्हरला ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेलं पाणी चमच्याने पाजत होती. "हनुवटी खाली, काका. आता गिळा. घाई नाही." काका गेल्यावर बाईंनी दार ओढून घेतलं आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. "मी तुझा आराखडा वाचला नव्हता. खोटं बोलले. आणि शुक्रवारी गप्प बसले, ते त्याहून वाईट."

तिने चमचा धुऊन ठेवला. "वाचला नसेल, असं वाटलं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्हाला कसं विचारणार, बाई?" ती थांबली. "त्या दोन वॉर्डांचं मला आधीपासून खटकत होतं. तेच तुम्हाला विचारायचं होतं. पण तुम्ही छान म्हणालात. मग मला वाटलं, मलाच कळत नाहीये."

आपण मदत केली नाही, एवढंच बाईंना वाटत होतं. तिच्याकडे होतं तेही आपण काढून घेतलं, हे त्यांना आत्ता कळलं. आजपासून रोज बसू, पुन्हा नव्याने बांधू, असं त्या घाईघाईने म्हणाल्या. थेरपिस्टने मान खाली घालून सांगितलं, की आकडेवाल्यांनी वेळ द्यायचं कबूल केलंय. आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

पुढच्या चाळणीत बाई सुरुवातीलाच उभ्या राहिल्या. मागचा आराखडा न वाचता आपण पुढे जाऊ दिला आणि विचारल्यावर गप्प राहिलो, असं त्यांनी सांगितलं. विभागप्रमुखांनी घसा खाकरला आणि पुढचा विषय पुकारला. बाईंना वाटलं होतं, बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. उलट नव्या पोरांपैकी काहींनी आपले कागद दुसरीकडे न्यायला सुरुवात केली, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं बाईंना म्हणता येईना.

आराखडा नव्याने आला. आता दोन्ही वॉर्डांत तपासणी व्हायची होती, एकात आधी, दुसऱ्यात काही महिन्यांनी, आणि प्रत्येक वॉर्डाची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या काळाशी. चाळणीतून तो विशेष खळखळ न होता पार पडला. थेरपिस्टने आभार मानले त्यात बाईंचंही नाव घेतलं, रीत म्हणून. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

बैठक मोडल्यावर ती त्यांच्यापाशी आली. नातेवाइकांना द्यायचं माहितीपत्रक तिने लिहिलं होतं. भाषा सोपी आहे का, कुणीतरी बघायला हवं होतं. "वेळ असला तरच, बाई. नसला तर तसं सांगा."

बाईंच्या ओठांवर ‘दे की’ आलंच होतं. तो आठवडा त्यांचा पेशंटांनी खचाखच भरलेला होता.

"या आठवड्यात नाही जमणार," त्या म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी चालेल?"

थेरपिस्टने जरा विचार केला. "चालेल," म्हणाली, आणि पत्रक त्यांच्या हातात न देता स्वतःच्या फाइलमध्ये ठेवलं. "बुधवारी घेऊन येते. समोर बसूनच वाचू."