दाबलं की थांबणारं मशीन

भौतिकशास्त्रात पदवी घेतलेल्या मुलानं गाड्या चकाचक करायचा धंदा काढायचं म्हटलं की घरचे आधी हसतात, मग काळजी करतात. आमच्या ताईनं दोन्ही एकदमच उरकलं.

"एक संधी देते," ती म्हणाली. "माझी गाडी घे. नीट झाली तर दवाखान्यात सगळ्यांना तुझं नाव सांगेन. बिघडवलीस, तर प्रयोगशाळेतली जी नोकरी चालून आलीय तिला गुपचूप हो म्हणायचं."

ताई दातांची डॉक्टर. तिची गाडी काळी, आणि पुसून पुसून तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे पडलेले. ते घालवायला पॉलिशिंग मशीन हवं. ओळखीच्या दुकानदारानं मला दोन मशीनं घरी नेऊन बघायला दिली. एकाची चकती नुसती गरागरा फिरते, दुसऱ्याची फिरता फिरता थरथरतेही. त्यातलं एक ठेवायचं, एक परत करायचं.

हातात पडेल ते उचललं असतं तरी चाललं असतं, पण मग शिक्षणाचा उपयोग काय? मी भंगारातून एका गाडीचा काळा दरवाजा आणला आणि हॉलमध्ये दोन स्टुलांवर आडवा ठेवला.

"लोकांकडे आधी गाडी येते," आई म्हणाली, "आमच्याकडे दार आलं."

चकतीला पॉलिश लावून मी मशीन हवेतच सुरू केलं. पॉलिश पडद्यावर, टीव्हीवर आणि माझ्या चष्म्यावर समप्रमाणात उडालं. मशीन हवेत सुरू करायचं नसतं, हे मी वाचलं होतं. माझ्या वाचनाची आणि माझ्या हातांची अजून ओळख व्हायची आहे.

चष्मा पुसून पुन्हा लागलो. चकती फिरतेय का ते कळावं म्हणून तिच्या काठावर पेननं रेघ मारली होती. थरथरणारं मशीन जोरानं दाबलं की रेघ जागच्या जागी थांबायची. मी निष्कर्ष काढला: दम नाही. फिरणारं मात्र कितीही दाबा, थांबायचं नाव घेईना. दरवाजा आरशासारखा झाला. त्यात माझा चेहरा दिसला, तो फारच समाधानी होता. मग मी दरवाजाच्या कडेपाशी गेलो, गरम वास आला, आणि कडेवर करड्या रंगाचा पट्टा उमटला. मी दुसरा निष्कर्ष काढला: नमुना सदोष. ती कड भिंतीकडे केली.

संध्याकाळी ताई आली. "मग, शास्त्रज्ञ? कुठलं ठेवायचं?"

"फिरणारं. दुसरं दाबलं की थांबतं."

"आणि हे?"

"हे थांबतच नाही."

"मग दाबल्यावर काय होतं?"

हा प्रश्न खरं तर मला पडायला हवा होता. तिनं दरवाजा फिरवला आणि पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"जुना दरवाजा आहे," मी म्हणालो.

"माझी गाडी काय काल कारखान्यातून आली? अरे, नवशिक्या डॉक्टरच्या हातात मी कुठलं मशीन देईन? चुकल्यावर थांबेल ते. दातावरचा थर घासून गेला की परत येत नाही."

गाडीचाही येत नाही. रंगावरचा तो पारदर्शक थर केसाहून पातळ असतो, हे मला पाठ होतं. पाठ असण्यापलीकडे त्याचं मी काहीच केलं नव्हतं.

"म्हणजे माझी सगळी चाचणी उलटी वाचली मी."

"ते राहू दे. मशीन कुठलं?"

"थांबणारं."

तिनं गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "फिरणारं मीच परत देऊन येते. तू गेलास तर दुकानदाराशी चर्चा करत बसशील."

सकाळी गाडी घरासमोर सावलीत धुऊन उभी केली. मशीनची वायर ओट्यावरच्या बोर्डात लावली होती; त्याच्या बटणाशेजारी ताई खुर्ची टाकून बसली, मी चुकलो की बंद करायला बोट बटणावर. मी चकती आधी बॉनेटवर टेकवली, मग मशीन सुरू केलं. आणि दाबलंच. रेघ थांबली. ताईचं बोट हललं. मी हात सैल सोडला, रेघ पुन्हा फिरायला लागली. हातभर चौकोनात सावकाश आडवं, सावकाश उभं. मग फडक्यानं पुसलं.

ताई उठली, मोबाइलचा उजेड तिरका धरून पेशंटच्या तोंडात डोकवावं तशी बॉनेटवर वाकली. डावीकडून, उजवीकडून. त्या चौकोनात जाळं नव्हतं, शेजारी होतं. मी फडकं धरून उभा.

"कडांना चिकटपट्टी लाव," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."

आणि बटण चालू ठेवूनच ती आत गेली.