भिंतीवर न लागलेलं नाव

निधनाचा काळ्या काठाचा कागद गल्लीतल्या चार भिंतींवर लागला आणि त्यावर लिहिलं होतं: एर्सिलिया बोन्फान्ते, जकात खात्यातल्या कारकुनाची विधवा, वय एकसष्ट. प्रेतयात्रेला अकरा माणसं आली. त्यांतल्या दोघी तिच्या मुलीच्या, ओत्तावियाच्या, शाळेतल्या शिक्षिका होत्या आणि एकजण चुकून भलत्याच घरची समजून आला होता.

त्याच कागदावर कोंतेसा दि वालमारा हे नाव असतं, तर अर्धं जेनोवा शहर लोटलं असतं. बावीस वर्षं एर्सिलियाबाई त्या नावाने वर्तमानपत्रात पानाच्या तळाशी रोज कादंबरीचा एक हप्ता लिहीत होत्या. वाचणाऱ्यांची समजूत अशी की, कोणी उमरावीण सरोवराकाठच्या महालात बसून हे प्रेमाचं सगळं लिहिते. शेजारापाजाऱ्यांनाही तसंच वाटे. घरातलं गुपित घरातच राहिलं होतं.

आई गेली त्या संध्याकाळी संपादक आन्साल्दी आले. हॅट हातात धरून ते उभ्या उभ्याच बोलले.

"बाई, चौदा हप्ते आमच्याकडे तयार आहेत. लिहिणारी गेली हे कळल्यावर ती प्रेमकथा कोण वाचेल? तेवढं कोंतेसाचं नाव कागदावर घालू नका, एवढीच विनंती."

"नाही घालत," ओत्ताविया म्हणाली.

त्यांना गळ घालावी लागली नाही. जिना उतरतानाचं त्यांचं पाऊल हलकं वाटलं, तेव्हा तिला थोडं चमत्कारिक वाटलं. पण नाव झाकलं गेलं याचं तिला बरंच वाटलं होतं, हे ती स्वतःशी नाकारू शकत नव्हती. मुलींच्या शाळेत ती साहित्य शिकवी. चार भाषांतलं चांगलं ते तिने वाचलं होतं. आईची एकही कादंबरी वाचली नव्हती.

नवव्या दिवशी ती आईच्या खोलीची किल्ली द्यायला खाली तेक्लाकडे गेली. तेक्ला दाराशी राहून सगळ्या इमारतीवर नजर ठेवी. दुपारची वेळ होती. तिच्या एवढ्याशा खोलीत सहा बायका शर्टांची काजं करत बसल्या होत्या आणि पेल्लेग्रीना नावाची एक तिशीतली बाई मोठ्याने हप्ता वाचत होती.

"या मास्तरीणबाई, बसा," तेक्ला म्हणाली. "तुमच्या आईची ही जागा. रोज यायच्या. शेंगा सोलायच्या नि ऐकायच्या."

"आई इथे यायची?"

"म्हणजे काय! आणि नुसत्या ऐकायच्या नाहीत हो, विचारून विचारून डोकं खायच्या. म्हणायच्या, आता गोष्टीतल्या त्या पोरीने काय करावं? नवऱ्याला पत्र दाखवावं की जाळावं?"

"मी म्हटलं, जाळ," पेल्लेग्रीना म्हणाली. "आठवड्याने बघते तर जाळलंच. तुमच्या आईला म्हटलं, बाई, आपण सांगावं नि कोंतेसाने ऐकावं, असं झालंय. तर नुसत्या हसल्या."

"हसायच्या तेव्हा शेंगा सांडायच्या," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या आणि मग ओत्तावियाचे काळे कपडे आठवून गप्प झाल्या.

आई दुपारी चकाट्या पिटायला खाली जाते, अशी ओत्तावियाची समजूत होती. एकदा जेवताना ती आईला म्हणाली होती, "तुझी माणसं खऱ्या माणसांसारखी बोलत नाहीत." आईने सूप वाढता वाढता उत्तर दिलं होतं, "खाली येऊन बस एकदा, बाळ." त्या दिवशी तिच्यापुढे वह्यांचा गठ्ठा होता. पुढेही तो असायचाच.

त्या दुपारी तिने ठरवलं: तिसाव्या दिवशी चर्चमध्ये आईसाठी मिस्सा-प्रार्थना होईल, त्याचा कागद पुन्हा भिंतींवर लागेल, आणि त्यावर आईचं दुसरं नाव असेल. शब्द दिला होता म्हणून आधी आन्साल्दींना सांगावं, एवढ्यासाठी ती पुढच्या आठवड्यात कचेरीत गेली.

त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"उशीर झाला, बाई. कोंतेसाची नवी कादंबरी सोमवारपासून सुरू झाली. तुम्ही पाहिली नाही वाटतं?"

"कोण लिहितंय?"

"एक निवृत्त कप्तान. करारानुसार कोंतेसा हे नाव वर्तमानपत्राच्या मालकीचं आहे. तुमच्या आईची सही आहे त्यावर." मग जणू तिला बरं वाटावं म्हणून ते म्हणाले, "खरं सांगू? त्या संध्याकाळी तुम्ही हट्ट धरला असतात, तर मी काय करणार होतो? दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं. मग ते नाव कोणाला देता आलं नसतं. मी भांडणाच्या तयारीने आलो होतो."

तिसाव्या दिवशी कागद लागला तो पहिल्यासारखाच, कोंतेसाच्या नावाशिवाय. मिस्सा झाल्यावर ओत्ताविया घरी न जाता तेक्लाकडे शिरली. वाचन चालू होतं.

"या कोंतेसाला झालंय काय?" पेल्लेग्रीनाने पेपर खाली ठेवला. "तीन दिवस नुसते घोडे दौडताहेत. गोष्टीतली बाई तोंड उघडत नाही."

"कोंतेसा म्हातारी झाली," तेक्ला म्हणाली.

"ती गेली," ओत्ताविया म्हणाली. "कोंतेसा म्हणजे माझी आई."

कोणी हसलं नाही. तेक्लाने उठून तिला स्टूल दिलं.

"दुःखात असं होतं, बाई. माझा नवरा गेला तेव्हा मी महिनाभर त्याचं ताट मांडत होते."

"खरंच सांगते."

पेल्लेग्रीनाने तिच्याकडे निरखून पाहिलं. तिच्या नजरेत टोमणा नव्हता. विश्वास ठेवायला तिला आवडलं असतं, असंच वाटत होतं.

"मग एवढंच सांगा. एल्मीरा शेवटी त्या खलाशाकडे परत का गेली? आम्ही वर्षभर भांडलो त्यावरून. तुमची आई तेवढं कधी बोलली नाही. घरी बोलली असेल."

बायकांचे हात थांबले. ओत्ताविया एकेकीकडे बघत राहिली. एल्मीरा कोण, हेच तिला ठाऊक नव्हतं.

"नाही ना?" पेल्लेग्रीना हळूच म्हणाली. "असू दे. बसा, पहिल्यापासून सांगते."