उपाशीपोटी

ब्रेडची कड — जॅम लागलेली, एका बाजूनं ठकीनं कुरतडलेली — आत्ता ताटलीत होती, आणि आता नाही, आणि जिभेवर काहीतरी गोड आहे... म्हणजे आपणच खाल्ली. कधी? पोरीचा डबा भरताना, की तिचा दुसरा बूट शोधताना? आज साखरेच्या तपासणीला रक्त द्यायचं होतं, उपाशीपोटी. सकाळचा चहा तिनं मोठ्या निग्रहानं नाकारला होता, आणि मुलीचं उष्टं मात्र खुशाल गिळून मोकळी झाली. मेल्या हाताला एवढीशी लाज नाही.

गेल्या वर्षीही हेच झालं होतं, तेव्हा बिस्किट होतं. ठकीच्या ताटात उरलेलं खायचं कुणी? नवऱ्याला उष्टं चालत नाही, सासूबाईंना चावत नाही, आणि अन्न टाकलेलं तर घरात कुणालाच खपत नाही. राहिलं कोण? कुणी तोंडानं तसं म्हटलं नव्हतं कधी. म्हणायची गरजच पडली नव्हती.

पण ठकी पोटात असताना साखर निघाली, तेव्हा काय तो थाट! सासूबाई डोळ्यांत तेल घालून तिच्या ताटावर राखण करायच्या, भाताकडे हात गेला की नुसत्या खाकरायच्या. आणि नवरा... कामावरून आला की बूटही न काढता तिला बाहेर काढायचा, पुलापर्यंत आणि परत. जेवणानंतर पाय मोकळे करायला पुन्हा. वाटेत बोलायचा. हा माणूस एवढं बोलू शकतो हे तिला तेव्हा कळलं — लहानपणी शेजारच्या कुत्र्याला घाबरून तो संध्याकाळभर गच्चीवर बसून राहिला होता, हे त्यानं आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. ती हसली होती, तर तोही हसला होता.

मग ठकी झाली आणि साखर उतरली. डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवून सांगितलं होतं, "आत्ता गेलीय, पण पुढेमागे हिला पुन्हा गाठू शकते. दरवर्षी तपासा, खाणं सांभाळा, चालणं सोडू नका." घरी पोचेपर्यंत त्यातलं 'गेलीय' तेवढं शिल्लक राहिलं. सासूबाईंनी हुश्श केलं, भाताचं पातेलं पुन्हा तिच्यापुढे सरकलं. नवऱ्यानं चालायचे बूट माळ्यावर टाकले. बाळाची साखर होती, बाळाबरोबर गेली! म्हणजे ती राखण, ते चालणं, तो कुत्रासुद्धा... सगळं ठकीसाठीच होतं तर. आणि मी? मी नुसती पिशवी. सामान उतरलं, आता लटकव खुंटीला.

हल्ली रात्री तहानेनं जाग येते. हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

चुकून खाल्लं गेलं, असं तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो फोनमध्ये बघत होता. "मग उद्या जा," तो म्हणाला. "त्यात काय एवढं."

उद्या! चष्म्याच्या दुकानातून आज अर्ध्या दिवसाची रजा काढताना मालकांनी वाकडं केलेलं तोंड तिला आठवलं. ती पर्स उचलून घराबाहेर पडली. रस्ताभर तिला नुसता राग येत होता, आणि आपण जातोय कशाला हे कळत नव्हतं.

तपासणीच्या खोलीत हातमोजे घातलेल्या पोरीनं तिच्या दंडाला पट्टा आवळला. "काही खाल्लं नाहीये ना, ताई?"

"नाही."

किती सहज आलं ते! आता आकडा चढणार... चढेलच. चढू दे, तिच्या मनात आलं, चांगला सणसणीत चढू दे. मग बघतील. मग सासूबाई खाकरतील, मग तो... छे, काय हे, आजार का कुणी मागून घेतं? आणि त्या ब्रेडमुळे नव्हे, खरोखरच चढलेला असला तर?

सुई निघाली. कापूस दाबून धरा, पोर म्हणाली. ती दाबून बसली. खरं सांगून टाकायला हवं होतं, अजून वेळ होता, नळीवर नावसुद्धा चिकटवलं नव्हतं... आणि ती मात्र पुलापर्यंत जाताना नवऱ्याशी काय काय बोलायचं, ते मनात जुळवत बसली होती.