थंड पाण्याचा जॉइनर

गाडी मी दुरुस्त केली, हे मी मंगळवारपासून किमान चाळीस जणांना सांगितलं होतं. वर्गात सांगितलं, ट्यूशनमध्ये सांगितलं, शेजारच्या दुर्गाबाई आजीला तर दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिला नीट ऐकू आलं नव्हतं. नववीतली मुलगी बोनेट उघडून पाना फिरवते, ही काय साधी गोष्ट आहे?

गाडी म्हणजे आमची सतरा वर्षांची एसयूव्ही. पप्पा तिच्यातून पर्यटकांना अमरावतीहून सेमाडोहच्या जंगलात नेतात. इंजिनातलं गरम पाणी हीटरपर्यंत नेणारे आणि परत आणणारे दोन रबरी पाइप असतात. त्यातल्या एका पाइपाचे दोन तुकडे जोडणारा प्लॅस्टिकचा कनेक्टर म्हातारा होऊन बिस्किटासारखा तुटला. दुकानदार म्हणाला, नागपूरहून मागवावा लागेल, आठ दिवस तरी धरा. शालिकराम मिस्त्री पप्पांकडे पाहून हसले.

"सुगतभाऊ, हीटरच काढून टाकू न लाइनीतून! वऱ्हाडात हीटर काय पापड भाजाले पायजे?"

पण डिसेंबरात पहाटे सफारीला निघालेले लोक हीटर मागतातच. शिवाय मला मिस्त्रींना दाखवून द्यायचं होतं. वरूडच्या योगेशमामाची संत्र्याची बाग आहे. त्यानं आमच्या गच्चीतल्या कुंड्यांना ठिबक बसवून दिलं होतं, त्यातले नळ्या जोडायचे काळे जॉइनर उरले होते. एक उचलला, पाइपात घातला, तर असा घट्ट बसला की जणू गाडीच्या कंपनीनंच दिला होता. दोन्हीकडून क्लॅम्प आवळले, कूलंट मिसळलेलं पाणी भरलं, अंगणात पाच मिनिटं इंजिन चालवलं. एक थेंब नाही.

"आपली रागिणी तं इंजिनेर होते वाटते," पप्पा म्हणाले. त्या दिवसापासून मी जमिनीवर चालतच नव्हते.

म्हणून बुधवारी रात्री जेवताना मी ते बोलले.

गुरुवारी माझ्या मोठ्या बहिणीची, पौर्णिमाताईची, अकोल्याला कागदपत्र तपासणी होती. नर्सच्या भरतीत तिचं नाव लागायला तीन वर्षं गेली. पत्रात लिहिलं होतं, साडेदहाला हजर राहावे, उशिरा येणाऱ्यांचा विचार केला जाणार नाही. ताईनं सहाची बस ठरवली होती.

"बस काहून?" मी म्हटलं. "घरची गाडी आहे. मी बनवली आहे."

ताईनं पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ न मंग गाडीनंच. मी सोडतो."

साडेसातला निघालो. मी शाळेला दांडी मारली होती, कारण माझी गाडी अकोल्याला पोहोचताना मला पाहायची होती. बडनेरा गेलं, कुरुम गेलं. ताई मागच्या सीटवर फाइल मांडीवर घेऊन एकेक कागद परत परत मोजत होती. मूर्तिजापूर मागे पडलं आणि गोडसर वास आला.

"सेंट मारला का कोणी?" मी विचारलं.

पप्पांनी उत्तर दिलं नाही. ते तापमानाच्या काट्याकडे पाहत होते. काटा लाल पट्टीला टेकला होता. मग बोनेटच्या फटीतून पांढरी वाफ अशी उसळली की समोरचा रस्ताच दिसेना. पप्पांनी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. मी धावत पुढे गेले.

"रेडिएटरच्या झाकणाले हात लावू नको! तोंड भाजीन!" पप्पा ओरडले.

मला झाकणाची गरजच नव्हती. बोनेट उघडल्यावर दिसलंच. माझा जॉइनर मऊ होऊन, वाकून, पाइपातून अर्धा बाहेर आला होता. मेणबत्तीसारखा. सगळं पाणी रस्त्यावर.

घड्याळात पावणेनऊ झाले होते.

पप्पांनी मिस्त्रींना फोन लावला. स्पीकरवर त्यांचा आवाज आला, "काय लावलं होतं पोट्टीनं?"

"ठिबकचा जॉइनर," मी म्हटलं.

तिकडून मिस्त्री म्हणाले, "अवं बाई, थो थंड्या पाण्याचा हाय. इंजिनाचं पाणी उकळते. तुले कोणी सांगतलं नाई का?"

कोण सांगणार? मीच सगळ्यांना सांगत होते.

मिस्त्रींनी उपाय सांगितला. हीटरकडे जाणारा पाइप तिकडून काढायचा, वळवायचा आणि परत इंजिनालाच जोडायचा. हीटर बाजूला राहील, गाडी चालेल. "जॉइनर लागतच नाई त्याले," ते म्हणाले. "पण आधी घंटा-दीड घंटा थंडी होऊ द्या. आनि धा लिटर पानी पायजे."

दीड तास.

ताई फाइल छातीशी धरून रस्त्यावर उभी राहिली. एक एसटी आली. ताईनं हात केला. गेली. दुसरी आली, मी पण दोन्ही हात हलवले, ओरडले. ड्रायव्हरनं आमच्याकडे पाहिलं आणि तीही गेली. कार तर थांबतच नव्हत्या. मला सगळ्यांसमोर बोलता येतं, भाषणात माझा पहिला नंबर आला होता. पण ऐंशीच्या वेगानं जाणाऱ्या माणसाला काय बोलणार?

पप्पा मला रागावले नाहीत. ते नुसते पाइपांकडे पाहत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

दहाला पाच कमी असताना एक पिकअप थांबला. मागे सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या, पुढे ड्रायव्हर आणि एक बाई.

"काय झालं व माय?" बाईनं विचारलं. पप्पांनी सांगितलं.

"बसव तिले मागं. एकच मावते, नाईतर माल दबते. मी जयवंता, अकोल्याच्या बाजारात कोनालेई इचारा. पोचवतो मी तिले."

ताई चढली. मी फाइल वर दिली. ती म्हणाली, "रागू, पप्पाले सावलीत बसव."

पिकअप गेला. मग नुसती वाट पाहायची. ऊन मार्चचं, पण मार्चसारखं वागत नव्हतं. मी रिकामा डबा घेऊन शेजारच्या लिंबाच्या बागेत पाणी मागायला गेले. राखणदारानं पंपाकडे बोट दाखवलं. प्रत्येक झाडापाशी ठिबकच्या नळ्या होत्या आणि त्यांना ओळीनं तेच काळे जॉइनर. शेकड्यांनी. मी वाकून वाकून पाहिलं. एकही गळत नव्हता.

साडेदहा वाजले. इंजिन निवता निवता अकरा वाजले. ताईचा फोन बंद. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, पप्पा म्हणाले. किंवा बॅटरी संपली असेल, मी म्हटलं.

पाइप वळवला, पाणी भरलं, इंजिन सुरू झालं. क्लॅम्प पप्पांनीच आवळले. मी पाना हातात घेतला नाही.

अकोल्यात पोहोचलो तर ताई कार्यालयाच्या पायरीवर बसली होती. तिच्या ओढणीवर सांभाराची पानं चिकटलेली.

"रस्त्यात फाटक बंद होतं," ती म्हणाली. "पोचली तवा अकरा वाजून दहा. माझं नाव पुकारून झालं होतं."

"मंग?"

"कारण लिहून अर्ज द्या म्हणे. साहेब जेवून आल्यावर पाहतीन." तिनं कागद माझ्यापुढे धरला. "शुद्धलेखन पाह. तुले जमते थे."

मी वाचला. चार ओळी. 'वाहनात अचानक बिघाड झाल्याने मला पोहोचण्यास विलंब झाला.' मी 'अचानक'पाशी थांबले.

"ताई, अचानक नाही झाला. मी..."

"मले मालूम आहे."

"मग तसं लिही न. माझं नाव लिही. बहिणीनं चुकीचा पार्ट लावला म्हणून."

"तुझं नाव लिहून मले नोकरी भेटते का?"

पप्पा रस्त्याकडे तोंड करून उभे होते. ताईनं शेवटी 'विनंति' लिहिलं होतं. मी ऱ्हस्व वेलांटी खोडून दीर्घ केली आणि कागद परत दिला. 'अचानक' तसाच राहू दिला.

तीन वाजता शिपायानं अर्ज घेतला, तसल्याच दहा-बारा अर्जांच्या खाली सरकवला आणि "कळवू" म्हणाला.

"केव्हा?" मी विचारलं.

तो पुढच्या माणसाचा कागद वाचायला लागला होता.