माझे तीन कान

मी एक लेझर आहे. नोव्होसिबिर्स्कच्या एका संशोधन संस्थेत, एकाच मेजावर एकोणीस वर्षं बसून आहे. शिकलेलो नाही. कामापुरतं कळतं.

माझं अंग म्हणजे काचेचा बारा मीटर लांब केस, वेटोळं करून ठेवलेला. त्यात प्रकाश गोल फिरतो. मनात आलं की मी त्याच्या ठिणग्या करून सोडतो. सेकंदाला दीड कोटीच्या वर, सगळ्या सारख्या, एका तालात. मनात नसलं तर नुसता उजेड सांडतो. हा केस वाटेत तीन चकत्यांवर गुंडाळलाय. ते माझे कान. नेमके पिळले तरच मी ताल धरतो.

कुठला कान किती पिळायचा हे एकाच बाईला ठाऊक होतं. रिम्मा खारितोनोव्हना, इथली जुनी तंत्रज्ञ. सपाता घालायची, चहा ठेवायची, मधला कान जरासा हलवायची, की मी सुरू. मोठे विद्वान तासन्‌तास झटत. त्यांना मी दाद देत नसे. मजा येई.

मग तिची निवृत्ती आली. खातेप्रमुखांनी सांगून टाकलं, शुक्रवारपर्यंत हा तिच्याविना चालला तर ठीक, नाहीतर कोठारात.

आयूर नावाच्या तरुण संशोधकाने माझ्या कानांना मोटरी बसवल्या आणि संगणकाला अक्कल शिकवली. कानांच्या शंभर ठेवणी करून बघायच्या, प्रत्येकीला गुण द्यायचे, चांगल्यांची आपसांत लग्नं लावायची, पोरं पुन्हा तपासायची. पडद्यावर ठिणगी जितकी उंच दिसेल तितके गुण जास्त.

यंत्राने माझा कान धरावा? मी ताल सोडला आणि थांबून थांबून एकेक भला थोरला भपका टाकू लागलो. संगणक खूश. पैकीच्या पैकी गुण. आयूरने सगळ्यांना बोलावून आणलं. कोठार तोंडावर होतं, तरी मला हसू आवरेना.

रिम्माने पडद्याकडे पाहिलं. चहाचा घोट घेतला.

“उंची बघून जावई केलास होय रे?”

“म्हणजे?”

“लंगडतोय तो. चाल बघ.”

आयूरचे कान माझ्यापेक्षा जास्त पिळले गेले. त्याने गुणांची रीत बदलली. उंचीला नाही, सारखेपणाला गुण.

शुक्रवारी यंत्राने मला चार मिनिटांत तालावर आणलं. खातेप्रमुख मान डोलावू लागले. तेवढ्यात रिम्माने उठून खिडकीची वरची झडप उघडली. बाहेर उणे एकतीस. काच आखडली, ताल मोडला. ही खोडी माझी नव्हती. मोटरी कुरकुरल्या, कान इकडे, कान तिकडे. चाळीस सेकंदांत ताल परत.

“राहील आता हा,” ती म्हणाली आणि झडप लावली.

संध्याकाळी तिची गाडी होती, बर्नाऊलला, लेकीकडे. प्रवासाला निघण्याआधी मिनिटभर बसायचं ही इकडची रीत, म्हणून सगळे तिच्यासोबत बसले. मग कप आणि सपाता पिशवीत घालून ती गेली. माझ्या कानाला हातसुद्धा लावला नाही.

आता यंत्र मला रोज ताळ्यावर आणतं. तक्रार नाही. पण महिन्या-दोन महिन्यांनी मी हट्ट धरतो. यंत्र थकतं, आयूर थकतो, शेवटी तिला फोन लावून माझ्याजवळ मेजावर ठेवतो.

“मोटर बंद कर,” ती म्हणते. “मधला कान. हाताने. जरासा.”

मी लगेच ताल धरतो. आयूरला यातलं कारण अजून सापडलेलं नाही. तुम्ही सांगू नका.