शेपटीचं कवाड

ही एवढीशी बिजागरी, माह्या करंगळीच्या नखाएवढी, पांढरी, प्लास्टिकची... हिची शपथ, माह्या दोन्ही डोळ्यांची शपथ, देव्हाऱ्यातल्या अंबामायची शपथ, आता सांगून राह्यली त्यातला शब्द न शब्द खरा हाये! खोटं म्हणन त्याच्या तोंडात माती!

आमच्या बुढ्यानं उडाचं इमान बनवलं. कापसाच्या जिनिंगातून फिटर म्हणून रिटायर झाला अन् तवापासून हेच. पंख असे लांब का एक टोक चुलीजवळ अन् दुसरं माह्या खाटेवर. मी अंग चोरून निजतो, पण पंखाले धक्का लागाले नाही पाहिजे! गवत कापाच्या मशीनचं इंजन अन्सारमिस्त्रीनं बसवून देल्लं. रविवारी पुसद रोडच्या पडीक मैदानात रिमोटवर उडणार. आज राह्यलं ते शेपटीचं हलतं कवाड. बुढा त्याले रडर म्हणते. ते वळलं तं इमान वळते, अडलं तं इमान गेलं ते गेलं...

"वच्छला, ये इकडं. कवाड धर. मधातमधात डावं-उजवं हलव, नाही तं गोंद बिजागरीत शिरन."

"अन् हात आखडला तं?"

"आखडू दे. एकदा गोंद वाळला का करवतच लावा लागते."

म्हणून मी अशी उकिडवी, दोन्ही हात शेपटीले गुतलेले, अन् टाळक्यात कालची आग. काल माह्या नातीच्या, अपेक्षाच्या, होणाऱ्या सासरचे लोक आलते. मी सांगून राह्यलती, लहानपणी केळापूरले इमान इतक्या खालून गेलं का पायलटानं माह्या हातची भाकर उचलली, ठेचा तेवढा तिखट लागला म्हणून वापस टाकला. तं हा बुढा कपबशी ठेवून म्हणते, "आमच्या बुढीचं निम्मं काटून आयका, अन् उरलेलं सोडून द्या." सारे हासले. सोयरे हासले त्याचं काही नाही, पण अपेक्षा हासली, जिले मी हेच सांगू सांगू निजवली... मी उष्ट्या कपबशा घेऊन आत गेली. जन्मभर मीच आत जातो!

डावीकडं हलवलं, तं लोण्यावाणी गेलं. उजवीकडं... अडलं. परत हलवलं, परत अडलं. घासात खडा लागते तसं. मधली बिजागरी तिरपी गेलती. डोळ्याले दिसे नाही, बोटाले समजे.

"अवो, आयका ना. मधली तिरपी बसली. उजवीकडं अडून राह्यलं."

अन् तो हासला. तोंडात दात नाही तरी खदखदा हासला. "झाली सुरू बुढी!"

मंग अडू दे. कायले सांगू मी? जाऊ दे रविवारी वर, उजवीकडं वळणारच नाही, जाईन सरळ दारव्ह्याच्या अंगानं, पडन कोणाच्या तुरीत. बुढा रिमोट हालवत पळन, धोतर सांभाळत, अन् सारे पाह्यतीन, अन् तवा म्हणन, वच्छला खरं बोललती. मी तोंडातून शब्द काढणार नाही... दाढीच्या पत्तीनं एकेक फळी सोलली त्यानं, पाह्यटं उठून, खिडकीत बसून, गाणं म्हणत. इमानासाठी गाणं! माह्यासाठी कधी म्हटलं? दवाखान्यात होती तवा तरी? नाही, तवा उशाशी बसून होता नुसता, मुका, जेवला नव्हता म्हणे... काहून आठवते हे आता? मले राग धराचा हाये, धरू द्या ना!

बरं, एक सांगतो. तो हासला नाही.

ते हासणं माह्यं घातलेलं हाये. तेवढंच, बाकी सारं खरं. त्यानं चष्मा वर केला, माह्या बोटांकडं पाह्यलं अन् हळूच विचारलं, "खरंच अडते काय वं?" लग्नापासून पहिल्यांदा खरंच काय म्हणून विचारलं त्यानं, अन् काल माह्यं हासं करणारा माणूस आज विचारते म्हणून माह्या अंगाचा असा भडका उडाला का मी म्हटलं, "नाही. उगीच बात मारली."

लगेच पटलं त्याले. इंजनाकडं वळला, गाणं म्हणत.

हासला असता तं बरं झालं असतं.

गोंद अजून ओला हाये... थोडासा.