भाऱ्याच्या मापाची वाट

मी पंचनामा बोलतोय. कासूजवळच्या खारजमिनीत, बांधावर बसलेल्या तलाठी आदेशच्या मांडीवर माझा जन्म झाला. अंगावर चिखलाचा एक डाग आहे. तो मी ऐटीत मिरवतो.

वाद काशीबाईंच्या वाटेचा होता. शेजारच्या हैबतरावांनी त्या वाटेवर फाटक ठोकून कुलूप लावलं. भात पिकत आलेलं, घरी आणायला दुसरी वाट नाही. काशीबाईंनी पेणला तहसीलदारांकडे दावा लावला. तहसीलदार वैशाली मॅडम चपला हातात घेऊन स्वतः बांधावर आल्या.

वाट किती रुंद, हे लिहायची वेळ आली आणि आदेश पिशवी उलटीपालटी करू लागला. टेप पेणलाच राहिला होता!

"टेप कशाला हवा?" पंच जनूभाऊ म्हणाले. "आमच्यात वाट भाऱ्यानंच मोजतात. चाल गो काशीबाई, दाखव."

काशीबाई डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन फाटकापर्यंत ताठ चालत गेल्या. मॅडमनी माझ्यावर लिहून घेतलं, 'भारा घेतलेली बाई सहज जाईल इतकी रुंद, जुनी, मळलेली वाट.' फाटक काढायचा हुकूम झाला. हैबतराव वर प्रांतसाहेबांकडे गेले, त्यांनीही तो कायम ठेवला.

मग हैबतरावांनी मुंबईचं उच्च न्यायालय गाठलं. हुकुमाला स्थगिती मिळाली आणि त्या साली काशीबाईंचं भात शेतातच झडून गेलं. फार वाईट वाटलं मला. सुनावणीत हैबतरावांच्या वकिलांनी मला चिमटीत धरून विचारलं, "हे काय माप झालं?" सगळे हसले. माझी तर पाचावर धारण बसली.

न्यायमूर्तींनी मात्र मला दोनदा वाचलं. म्हणाले, "तहसीलदारांनी जागा पाहिली, दोन्ही बाजू ऐकल्या. त्यांनी अधिकार ओलांडला का, एवढंच मी पाहायचं. त्यांच्या जागी मी काय लिहिलं असतं, हे नाही. देखरेख करायची म्हणजे त्यांच्या खुर्चीत जाऊन बसायचं नसतं. याचिका फेटाळली."

जिंकलो की हो आम्ही!

फाटक उखडलं तेव्हा मी तिथेच होतो, आदेशच्या फायलीत. अख्खा गाव जमला होता. हैबतराव मान खाली घालून उभे होते. काशीबाई त्यांना म्हणाल्या, "तुमचं भात पन याच वाटंनं न्या. मी नाय अडवनार."

आता मी पेणच्या दप्तरात, लाल फडक्यात बांधलेला आहे. माझ्यासारखे कागद लिहिणाऱ्यांनो, एवढं ऐका: जागेवर जा, डोळ्यांनी बघा, मगच लिहा. मग मुंबईहूनही कुणी तुमची ओळ उगाच खोडणार नाही.